एअर फ्रायरमधले फ्राईज नीट का होत नाहीत? आणि खरंच 'हेल्दी' असतात का?

उंटावरची_शहाणी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (म्हणजे नुसती वाचनमात्र) आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

तर आमच्याकडे दोन महिन्यांपूर्वी एअर फ्रायर आला. कशासाठी, तर फ्राईजसाठी. लेकीला ते जीव की प्राण आणि नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वर गेलेलं, म्हटलं एका दगडात दोन पक्षी. आजवर चार वेळा केले. पहिल्या वेळी टोकं करपली आणि मधे कच्चे. दुसऱ्या वेळी म्हटलं तेलच नको, अजिबात घातलं नाही, तर असे चिवट झाले की लेक म्हणाली "आई, हे बटाट्याचे बूट आहेत". तिसऱ्या वेळी पाहुणे होते म्हणून किलोभर एकदम कोंबले, ते उकडल्यासारखे लिबलिबीत झाले आणि पाहुण्यांनी "छान आहे हं भाजी" म्हटलं. चौथ्या वेळी वैतागून फ्रोझनचं पाकीट आणलं आणि ते मात्र फक्कड झाले!

माझी पद्धत म्हणजे बटाटे सोलायचे, बोटाएवढे काप करायचे, बास्केटमध्ये टाकायचे, २०० डिग्री, २० मिनिटं. काय चुकतंय? आणि एवढं करून हे प्रकरण तळलेल्यापेक्षा खरंच बरं असतं का, की नुसतं मनाचं समाधान?

रिकामटेकडा
पहिला!
बूट वाचून हहपुवा (हसून हसून पुरेवाट). नंबर कितीचा होता?

खमंग
शहाणीताई, तुमच्या पद्धतीत चुकतंय असं नाही, तुमच्या पद्धतीत पद्धतच नाहीये. हलके घ्या.

काप केले की थंड पाण्यात टाका, अर्धा तास. पाणी गढूळ होईल, तो वरचा सुटा स्टार्च. तो राहिला तर काप एकमेकांना चिकटतात आणि आत शिजायच्या आधी वरून रंग धरतात, तुमच्या पहिल्या वेळेचं तेच झालं असणार. ते पाणी ओतून पुन्हा एकदा धुवा. मग पुसा. पुसा म्हणजे चाळणीत निथळत ठेवून दिलं असं नाही, स्वच्छ कोरड्या कापडावर पसरून, वरून दुसरं कापड दाबून, हाताला ओल लागता कामा नये. सगळे इथेच कंटाळा करतात. काप ओले असले तर मशीनची पहिली सात-आठ मिनिटं ते पाणी उडवण्यातच जातात.

मग एका मोठ्या भांड्यात काप घ्यायचे, अर्ध्या किलोला दोन चहाचे चमचे तेल, आणि हाताने चोळायचं. बास्केटमध्ये वरून तेल शिंपडू नका, निम्मं खाली गळतं. १८० वर १२-१५ मिनिटं, मधे एकदा काढून खळखळून हलवायचं, मग २०० वर ५-७ मिनिटं. शेवटची तीन मिनिटं मशीनसमोरून हलायचं नाही. बास्केट अर्ध्यापेक्षा जास्त भरायची नाही, वारा फिरायला जागा हवी. किलोभर करायचे असतील तर दोन घाणे.

झोपाळू
खमंगला मोदक, म्हणजे अनुमोदन. पुसण्याबद्दल दोन मोदक.

गणिताचा_पेपर
'हेल्दी' हा शब्द बाजूला ठेवून आकडे बघू.

१०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात साधारण ७७ कॅलरी, आणि जवळपास ८० टक्के पाणी. बाहेर मिळतात तसे तेलात तळलेले फ्राईज घेतले तर १०० ग्रॅमला साधारण ३१० कॅलरी आणि १५ ग्रॅमच्या आसपास फॅट. बटाट्यातलं पाणी उडालं आणि थोड्या जागेत तेल शिरलं, एवढाच हिशोब.

आता खमंगची कृती. अर्धा किलो बटाटा म्हणजे ३८५ कॅलरी, दोन चहाचे चमचे तेल म्हणजे ९ ग्रॅम, ग्रॅमला ९ कॅलरी धरून ८० च्या आसपास. एकूण ४६५. पाणी उडून तयार फ्राईज समजा ३०० ग्रॅम भरले तर १०० ग्रॅमला १५५, म्हणजे साधारण निम्मे. फॅट १०० ग्रॅमला ३ ग्रॅम. तेव्हा प्रश्नाचं उत्तर, हो, फरक आहे आणि चांगला घसघशीत आहे.

पण बटाटा तोच. त्यातलं पिष्ट कुठेही जात नाही. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी "एअर फ्रायरचे आहेत" म्हणून ताट भरून घेऊ नये.

तेलकट_सत्य
विरोधी पक्षाची खुर्ची रिकामी दिसली म्हणून आलो.

एअर फ्रायरमध्ये काहीही 'फ्राय' होत नाही. तो लहान ओव्हन आहे, वर कॉइल, त्याच्यावर पंखा, बस. तेल उष्णता देतं कापाला सगळ्या बाजूंनी एकाच वेळी आणि हवेच्या कितीतरी पट वेगाने. आधी १६० ला शिजवून काढायचे, गार करायचे, मग १९० ला पुन्हा सोडायचे, तेव्हा ते कवच येतं ज्याला दात लागला की आवाज होतो. हवेत ते होणे नाही. तुम्ही जे खाता ते भाजलेले बटाटे आहेत, लांबट आकाराचे. चांगले लागतात, मी नाही म्हणत नाही, पण त्यांना फ्राईज म्हणून दुसऱ्याची अपेक्षा वाढवू नका.

माझं मत, महिना-दोन महिन्यातून एकदा खरे तळून खा, पोटभर खा आणि विषय संपवा.

उंटावरची_शहाणी
बापरे, तासाभरात एवढे प्रतिसाद! खमंग, कान पकडले. पुसण्याचा भाग मी करतच नव्हते कारण धूतच नव्हते :)

तेलकट, तुमचं पटतंय पण लेक आठवड्याला मागते त्याचं काय? आणि एक शंका, अर्धा तास पाण्यात ठेवून सत्त्व निघून जात नाही का सगळं? आई तर बटाटा चिरल्यावर धुवूच द्यायची नाही.

चष्मिष
आईंचं पूर्ण चूक नाही. क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम पाण्यात विरघळतात, थोडे जातात. पण फ्राईज आपण क जीवनसत्त्वासाठी खात नाही, आणि भिजवण्याचा एक फायदा या तोट्याहून मोठा आहे.

बटाट्यात ॲस्पॅरेजिन नावाचं अमिनो आम्ल असतं आणि थोडी ग्लुकोज-फ्रुक्टोज. १२० डिग्रीच्या वर, पाणी कमी झालं की ही मंडळी एकत्र येऊन ॲक्रिलामाइड बनवतात. उकडताना होत नाही, तळताना, भाजताना, बेक करताना होतं. अन्नात हे असतं हे २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ पासूनच त्याला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलेलं आहे. पाण्यात भिजवलं की वरची साखर आणि ॲस्पॅरेजिन दोन्ही धुतलं जातं म्हणून ते कमी बनतं. अमेरिकेची एफडीए सुद्धा १५ ते ३० मिनिटं भिजवा म्हणते.

लक्षात घ्या की एअर फ्रायर वापरला म्हणून हा प्रश्न सुटत नाही. तेल कमी झालं, तापमान नाही. रंगावर लक्ष ठेवा. सोनेरी पिवळा झाला की काढा, तांबूस-तपकिरी होऊ देऊ नका. शहाणीताईंची करपलेली टोकं तेवढी फेकून द्यायची होती.

निवांत
झालं. आता बटाट्याला पण घाबरायचं.

चष्मिष
घाबरायचं नाही हो. ते गटात टाकणं मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून आहे, माणसांच्या आहारावरच्या अभ्यासांत ठाम असं काही हाती आलेलं नाही. करपवू नका इतकंच. तसंही करपलेलं कोणाला आवडतं?

तेलकट_सत्य
मला.

भिंगरी
धाग्याशी संबंध थोडाच आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी नवीन मशीन आल्यावर बास्केट खराब होऊ नये म्हणून खाली बटर पेपर घातला आणि रिकामंच प्रीहीट करायला लावलं. दोन मिनिटांत जळका वास. कागद वाऱ्याने उडून वर जाऊन कॉइलला चिकटला होता! प्लग काढला, हात थरथरत होते, नवरा शेजारी उभा राहून "मॅन्युअल वाचलंस का" विचारतोय. त्या क्षणी त्यालाच बास्केटमध्ये घालावंसं वाटलं. तर कागद घालायचाच तर वर वजन असताना घाला, रिकाम्यात कधीच नाही. आणि फ्राईजला तर घालूच नका, खालची भोकं बंद झाली की वारा फिरणार कसा?

रिकामटेकडा
मग वाचलं होतं का मॅन्युअल?

भिंगरी
तुम्ही पण बसा बास्केटमध्ये.

सावळागोंधळ
इतकी चर्चा झाली पण या यंत्राला मराठी शब्द कोणी सुचवला नाही, ही या संस्थळाला शोभणारी गोष्ट नव्हे. फिलिप्सने २०१० मध्ये हे नाव घेऊन यंत्र बाजारात आणलं, त्याला आता किती वर्षं झाली बघा, आणि आपण अजून 'एअर फ्रायर'च म्हणतोय. माझे प्रस्ताव: वायुतळणी, वाराकढई, झंझावातपात्र.

निवांत
झंझावातपात्र =)) हे नाव माझ्या वहिनीला देता येईल.

पाटावरवंटा
गरम वाऱ्याचा झोत आणि जवळ गेलं की चटका. याला आपल्याकडे आधीपासून शब्द आहे की. फुफाटा.
कढईतून काढले आणि फुफाट्यात टाकले.

सावळागोंधळ
शस्त्रं खाली ठेवली. फुफाटाच.

पाटावरवंटा
आता कामाचं. मी तीन वर्षं फुफाटा वापरतेय आणि खमंगच्या पद्धतीपेक्षा एक पायरी जास्त करते. मला तीच महत्त्वाची वाटते, आधी उकडणं.

काप थोडे जाड, एक सेंटीमीटरचे, सगळे सारखे. बारीक-मोठे असतील तर बारीक करपतात आणि जाडे कच्चे राहतात, मग मशीनला दोष. धुऊन घ्यायचे. एका पातेल्यात थंड पाणी, मीठ, आणि लिटरला एक टेबलस्पून व्हिनेगर. काप थंड पाण्यातच टाकून मग गॅस लावायचा. उकळी आली की ५-६ मिनिटं, सुरी आत जावी पण तुकडा मोडू नये. व्हिनेगर कशाला, तर आंबट पाण्यात बटाट्याच्या पेशी धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही, काप अख्खे राहतात. चव अजिबात लागत नाही, खात्रीने सांगते.

निथळून ताटात पसरायचे. गरम असताना त्यातून वाफ निघून जाते, ते कापडाने पुसण्यापेक्षा सोपं. मग पूर्ण गार. वेळ असेल तर झाकून फ्रीजमध्ये तासभर, मी तर कधी कधी आदल्या रात्रीच करून ठेवते. गार झाल्यावर थोडा स्टार्च परत घट्ट बसतो आणि त्यातला काही भाग लहान आतड्यात पचत नाही, फायबरसारखा पुढे जातो. फार मोठा फरक नाही पडत पण फुकटचा फायदा कोण सोडतंय. मग तेल चोळून २०० वर १५ मिनिटं, मधे दोनदा हलवून. आत मऊ, बाहेर कुरकुरीत. बूट होण्याची भीतीच नाही कारण आतलं आधीच शिजलेलं असतं, मशीनने फक्त वरचं बघायचं.

खमंग
पाटाताई, व्हिनेगरला माझा विरोध आहे. मी उलट करते, पाण्यात चिमूटभर खायचा सोडा. कडा विरघळून खरबरीत होतात, पिठूळ थर येतो, आणि तोच थर तेल लागून कुरकुरीत होतो. गुळगुळीत कापाला कुरकुरीतपणा कुठून येणार?

पाटावरवंटा
मोठ्या फोडींना सोडा बरोबर. बोटाएवढ्या कापांना नाही, हलवताना निम्मे मोडतात आणि खाली चुरा. करून बघितलंय गं.

खमंग
चुरा सगळ्यात छान लागतो.

पाटावरवंटा
ते मान्य.

मुखदुर्बळ
साल काढायची की नाही?

चष्मिष
स्वच्छ घासून धुतलं तर ठेवा, थोडं फायबर वाढतं. फक्त बटाटा हिरवट झालेला किंवा खूप मोड आलेला नको. त्यात सोलानिन नावाचं विष असतं, कडू लागतं, आणि शिजवून जात नाही. थोडाच हिरवा असेल तर तो भाग खोलवर कापून टाका, जास्त असेल तर अख्खा बटाटा.

झोपाळू
माझे घरी कधीच कुरकुरीत होत नाहीत. भिजवतो, पुसतो, सगळं करतो. बटाटाच वाईट असेल का?

पाटावरवंटा
वाईट नाही, चुकीचा असू शकतो. काही बटाटे चिकट असतात, शिजल्यावर अख्खे राहतात, काही पिठूळ असतात, शिजले की भुसभुशीत होतात. फ्राईजना पिठूळ हवा, त्यात पाणी कमी आणि स्टार्च जास्त. कोवळ्या नव्या बटाट्याचे फ्राईज नरमच होणार. ओळखायची युक्ती आहे, एक भाग मीठ आणि अकरा भाग पाणी असं द्रावण करा, बटाटा त्यात सोडा. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर चिकट. जड बटाटा म्हणजे आत ऐवज जास्त.

गणिताचा_पेपर
भाग वजनाने की मापाने?

पाटावरवंटा
मापाने. एक वाटी मीठ, अकरा वाट्या पाणी. वाटी लहान घ्या म्हणजे मीठ वाया जाणार नाही. मला माहीत होतं तुम्हीच विचारणार.

रिकामटेकडा
मी हे करून बघितलं. माझा बटाटा मध्येच लटकून राहिला. त्याला निर्णय घेता येत नाहीये, अगदी घरच्यांवर गेलाय.

निवांत
रच्याकने (बाय द वे), बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते, मग फ्राईज लवकर काळपट पडतात. आणि चष्मिषचं ते ॲक्रिला-काहीतरी पण वाढतं ना?

चष्मिष
युरोपीय संघाचे याबाबतचे नियम २०१८ पासून लागू आहेत, त्यात तयार करणाऱ्यांना ६ डिग्रीच्या वर साठवायला सांगितलंय. पण गंमत म्हणजे ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०२३ मध्ये घरगुती वापरासाठी आपला आधीचा सल्ला बदलला, नवीन अभ्यासानुसार घरच्या फ्रीजमध्ये ठेवून फारसा फरक पडत नाही असं त्यांना दिसलं. तेव्हा दोन्ही बाजू आहेत. मी अजून अंधाऱ्या कोरड्या कपाटातच ठेवतो, कारण फ्रीजमधल्याला रंग लवकर येतो हे मला तरी दिसलंय आणि फ्रीजमध्ये जागा पण नसते.

आणि शहाणीताई, तुमच्या पाकिटातल्या फ्राईजचं कोडं कोणी सोडवलं नाही म्हणून सांगतो. फ्रोझन फ्राईज कारखान्यात आधी वाफवून किंवा पाण्यात शिजवून, सुकवून, एकदा तेलात अर्धवट तळून मग गोठवतात. पाकिटामागे बघा, घटकांत तेल लिहिलेलं असेल, बरेचदा डेक्स्ट्रोज ही साखर पण, रंग एकसारखा यावा म्हणून. म्हणजे पाटाताईंची अख्खी मेहनत कोणीतरी करून दिलेली असते आणि तुम्ही फक्त शेवटची पायरी करता. म्हणून ते 'फक्कड' होतात. त्यांना वरून तेल लावायची गरज नाही, आणि ते वितळू न देता गोठलेलेच टाकायचे.

उंटावरची_शहाणी
आत्ता कचऱ्यातून पाकीट काढून वाचलं. बटाटा, मग लगेच तेल! आणि मी सासूबाईंना सांगत होते "बघा, थेंबभर तेल नाही". त्यांनी तेव्हाच ओठ दुमडले होते.

तेलकट_सत्य
सासूबाईंना इथे सदस्य करून घ्या, आमचं संख्याबळ वाढेल.

भिंगरी
मिठाबद्दल कोणी बोललं नाही. आधी घातलं तर पाणी सुटतं आणि नरम पडतात, नंतर घातलं तर चिकटत नाही, सगळं ताटात खाली. मी काय करते, मीठ मिक्सरमधून पिठीसाखरेसारखं बारीक करून ठेवते आणि बास्केटमधून काढल्या काढल्या गरम असतानाच भुरभुरवते. कमी मिठात सगळीकडे चव लागते. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे चहाचा एक चमचा पण सपाट, त्यातलं फ्राईजवरच किती जातं ते एकदा मोजून बघा, मी मोजलं आणि गप्प बसले. लसणाची पूड, मिरपूड वगैरे पण शेवटी, लसूण आधी घातला तर जळून कडू होतो.

झोपाळू
तेलाचा स्प्रे मिळतो तो चालतो का? चमचाभर तेल सगळीकडे लागत नाही माझ्याकडून.

खमंग
गॅसच्या दाबावर चालणारा तयार डबा नको, त्यात लेसिथिन वगैरे असतं, बास्केटच्या नॉनस्टिकवर चिकट पिवळा थर बसतो, घासून जात नाही आणि जोर लावला तर कोटिंगच निघतं. माझी पहिली बास्केट अशीच गेली. पंपाची साधी बाटली घ्या आणि त्यात आपलं तेल भरा. नाहीतर माझ्यासारखं हाताने चोळा, हात मऊ राहतात, तो फायदा वेगळा.

निवांत
नॉनस्टिकचं म्हणतात ना की तापल्यावर विषारी धूर सोडतं?

चष्मिष
टेफ्लॉन बिघडायला लागतं ते २६० डिग्रीच्या पुढे. एअर फ्रायर बहुतेक २०० पर्यंतच जातो. खरवडलेली बास्केट मात्र बदला. आणि तारेची घासणी अजिबात नको.

मुखदुर्बळ
लाईट बिल?

गणिताचा_पेपर
१५०० वॉटचं मशीन २० मिनिटं म्हणजे जास्तीत जास्त अर्धा युनिट. कॉइल मधे मधे बंद होते, तेव्हा त्याहून कमीच. मुखदुर्बळ, तुमचे दोन्ही प्रश्न मिळून सहा शब्द झाले, तब्येत बरी आहे ना?

मुखदुर्बळ
हो.

निवांत
बरं, एक कबुली. आधी आमच्याकडे तळणं म्हणजे कढई, तेल, वास, मग उरलेल्या तेलाचं काय करायचं, हा सगळा व्याप. म्हणून महिन्यातून एकदा व्हायचं. फुफाटा आल्यापासून आठवड्यातून चार वेळा होतात. गणिताचे आकडे वाचून हिशोब केला. एका वेळी निम्म्या कॅलरी आणि महिन्यात सोळा वेळा. मी नफ्यात आहे की तोट्यात?

गणिताचा_पेपर
आठपट तोट्यात. उत्तर पडताळून पाहा.

तेलकट_सत्य
हेच. हेच मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय. कढईचा व्याप हाच पथ्याचा भाग होता.

पाटावरवंटा
तेलकट, हे मात्र पटलं. पण त्याला उपाय मशीन फेकून देणं नाही. फ्राईज हे जेवण नाही, जेवणासोबतचा एक घास आहे असं ठरवलं की झालं. माणशी एक मध्यम बटाटा, सोबत काहीतरी हिरवं, काहीतरी डाळ-अंड्यासारखं. मी बास्केट अर्धीच भरते त्यामुळे आपोआप तेवढेच होतात आणि दुसरा घाणा लावायचा मला कंटाळा. आळस पण पथ्यावर पडतो.

झोपाळू
रताळ्याचे करता येतात का? ते जास्त चांगले ना?

खमंग
येतात, पण कुरकुरीतपणाची आशा सोडा. रताळं गरम होताना त्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून गोड आणि मऊ पडतं, आणि लवकर करपतं. भिजवून, पुसून, चमचाभर कॉर्नफ्लोअर भुरभुरवून १८० च्या वर जाऊ नका. केशरी रताळ्यातून जीवनसत्त्व अ मिळतं, एवढं खरं. कॅलरीत बटाट्याहून फार वेगळं नाही.

उंटावरची_शहाणी
मंडळी, अहवाल देतेय. काल सुट्टी होती म्हणून दोन्ही पद्धती शेजारी शेजारी केल्या, अर्धा-अर्धा किलो. अ म्हणजे खमंगची, भिजवून थेट. ब म्हणजे पाटाताईंची, व्हिनेगरमध्ये उकडून, फ्रीजमध्ये दोन तास. तेल दोन्हीला दोन-दोन चमचे, मोजून. गणितासाठी वजन पण केलं, अ चे २९० ग्रॅम भरले, ब चे ३२०.

अ जास्त कुरकुरीत निघाले पण तेवढे पाचच मिनिटं, ताटात येईपर्यंत नरम पडायला लागले. ब बाहेरून कमी कडक पण आत लोण्यासारखे, आणि पंधरा मिनिटांनी पण चांगले होते. लेकीने ब ला मत दिलं, नवऱ्याने अ ला. सासूबाईंनी दोन्ही चाखले आणि म्हणाल्या, "भाजलेले बटाटे छान झालेत". तेलकट, तुमचा त्यांच्याशी आधीपासून संपर्क आहे का?

एक चूक झाली. अ चा घाणा झाल्यावर काढून न ठेवता बास्केटमध्येच राहू दिला, थोडेसे होते, म्हटलं गरम राहतील. वीस मिनिटांनी बघते तर आतल्या आत वाफ धरून परत बूट.

पाटावरवंटा
बंद बास्केटमध्ये ठेवायचे नाहीत गं. ताटात, उघडे, एकावर एक न रचता. आणि ते बूट १८० वर तीन मिनिटं परत फिरव, येतील ताळ्यावर.

उंटावरची_शहाणी
फिरवले. आले. लेकीने ते पण संपवले. पुढच्या शनिवारी सोडा घालून बघणार आहे, खमंग, किती चिमूट?

खमंग
लिटरभर पाण्याला पाव चहाचा चमचा. आणि चुरा लेकीला देऊ नकोस, आपण खायचा.

रिकामटेकडा
सगळा धागा वाचला नाही, माफ करा. पण फ्राईज करण्याआधी बटाटे धुवायचे का?